वरचा माणूस

चैत्र सरत आला होता आणि कचेरी सकाळची झाली होती. अमरावतीचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा! अकराच्या ठोक्याला वकील काय, पक्षकार काय, सगळे घराकडं पळतात आणि पाचापर्यंत सडकेवर कुत्रं दिसत नाही. त्या शुक्रवारी गोपाळकृष्ण वकील घरी आले, जेवले, आणि हात पुसता पुसता बायकोला म्हणाले, "टायरला ठिगळ लावून आणतो."

"आत्ता? या उन्हात?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"सांगून ठेवलंय त्याला. तासाभरात येतो."

खोटं होतं ते. चारही टायर धडधाकट होते. खोटं बोलणं वकिलांना काही नवं नाही म्हणा, पण बायकोशी बोलताना त्यांनी नजर चुकवली, हे मात्र पहिल्यांदाच. खरं दुखणं टायरला नव्हतं, पोटात होतं. आणि त्या दुखण्याचं नाव होतं भगवंत.

आता हा भगवंत कोण, ते आधी ऐका. लढाई संपली तेव्हा लष्कराच्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. नागपुरात अजून मध्यप्रांत-वऱ्हाडाचं सरकार बसत होतं, त्या दिवसांतली गोष्ट. अमरावतीत पहिली जीप आणली ती आमच्या गोपाळकृष्ण वकिलांनी. पोरं गाडीमागं धावायची, न्यायाधीशसाहेब थांबून चौकशी करायचे. वकिलांची छाती तेव्हा दीड हात झाली होती. मग दोन वर्षांनी तिवशाकडचा एक भाजीवाला बागाईतदार तसलीच जीप घेऊन आला. वांगी आणि कोबी बाजारात टाकायला घेतली म्हणाला. गाडीत कांद्याची टरफलं, मागं माणिकबाई म्हणजे त्याची बायको टोपली धरून बसलेली, आणि हा गडी मुंडाशात, हसतमुख. तोच भगवंत.

आणि तिवशाच्या अलीकडं, सडक सोडून कोसभर आत, मोटररान होतं. लढाईच्या काळात लष्करानं नव्या ड्रायव्हरांना शिकवायला ते रान तयार केलं होतं. मुरमाचे चढ, काळ्या मातीची दलदल, नाल्यात उतरायच्या वाटा, सगळं मुद्दाम अवघड केलेलं. चढांना लाकडी खुंट्यांवर आकडे घातले होते, एक ते सात. लष्कर गेलं, खुंट्या राहिल्या. मग जीप बाळगणारी पाचसहा मंडळी दर रविवारी चार वाजता तिथं जमू लागली. छोटी दांडी ओढली की चारी चाकं जोर धरायची, आणि ही शहाणीसुरती माणसं डबक्यात लोळणाऱ्या म्हशींसारखी खूश व्हायची. बायका पायथ्याच्या बाभळीखाली सतरंजी टाकून बसायच्या. घरून चिवडा यायचा, माठ यायचा.

तिथली एक रीत होती, ती नीट ध्यानात घ्या. चढावर गाडीचं तोंड आभाळाकडं झालं की हाकणाऱ्याला समोरची जमीन दिसत नाही. बॉनेट दिसतं आणि आभाळ दिसतं. म्हणून आधी एकजण चालत माथ्यावर जायचा आणि खाली तोंड करून उभा राहायचा. त्याला म्हणायचे वरचा माणूस. तो ज्या बाजूचा हात वर करील, त्या बाजूला गाडी वळवायची. मनात शंका आणायची नाही. वरच्या माणसाशिवाय कुणी चढलाच, तर तो चढ धरत नसत.

सातवा चढ त्यांच्यातला कुणी चढला नव्हता. माथा घराच्या अंगणाएवढा, आणि वर येता येताच गाडी वळवावी लागे. वर उभ्या माणसाच्या डाव्या हाताला निंबाचं झाड आणि भक्कम जमीन. उजव्या हाताला जुनी खदान, पस्तीस-चाळीस हात खोल. निंबाचा हात दाखवला तर वाचला, खदानीचा दाखवला तर संपला. इतकं साधं गणित होतं.

बाकी सहा चढ भगवंतानं पहिल्या महिन्यातच मारले. वकिलांना चौथ्यालाच घाम फुटायचा. आणि गेल्या रविवारी अनसूयाबाई, बीए झालेली बाई, शाळेत मुलींना गणित शिकवणारी, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "भगवंतभाऊंच्या हातात गाडी कशी मऊ चालते नाही? आमच्याकडं बसलं की पाठ मोडते."

मंडळी हसली. वकीलही हसले, पण कसे हसले ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यावर भगवंत मुंडासं सावरत म्हणाला, "येत्या रव्वारी सातवा पाहू म्हनतो बाप्पा. झाला तं झाला."

झालं! पाच रात्री वकिलांना झोप नाही. भाजीवाला सातवा चढणार, आणि अनसूया टाळ्या वाजवणार. पाचव्या दिवशी, म्हणजे त्या शुक्रवारी, ते टायरचं निमित्त करून निघाले. भगवंताच्या आधी चढायचंच, मग कपाळमोक्ष झाला तरी बेहत्तर.

रानात चिटपाखरू नव्हतं. फाटकाशी पुंजारामची झोपडी होती. रानाची राखण करणारा म्हातारा तो, पण झोपडीला कडी होती. वकिलांनी गाडी सातव्या चढाच्या पायथ्याशी आणून थांबवली. इंजिन बंद केलं तसं एकदम शांत झालं. इतकं शांत, की तापलेल्या पत्र्याची टिकटिक ऐकू येत होती. वारा पडला होता. मुरमावर ऊन नुसतं उकळत होतं.

मग त्यांच्या ध्यानात आलं, की वरचा माणूस नाही. पाच रात्री जळफळाटात काढल्या, पण एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि वर पाहिलं.

माथ्यावर माणूस उभा होता.

खाकी कपडे, पायांना पट्ट्या, तोंडाला उन्हाचं फडकं गुंडाळलेलं. हात दोन्ही सरळ खाली. वकिलांना वाटलं, पुंजारामच असेल. म्हाताऱ्यानं लष्करचे जुने कपडे मिळवले असतील. त्यांनी हाक मारली, "पुंजाराम, हात दाखवतोस का रे?"

त्या माणसानं सावकाश डावा हात वर केला. निंबाचा हात.

वकिलांनी दांडी ओढली आणि गाडी घातली. दगड उडाले, इंजिन ओरडलं, तोंड आभाळाकडं झालं. समोर पांढरं आभाळ आणि त्यात तो हात, बाकी जगात काही उरलं नव्हतं. हात जरा खाली आला की वकील वेग कमी करत, जरा झुकला की चाक तेवढंच वळवत. आयुष्यात त्यांनी इतकी छान गाडी हाकली नव्हती. एक हिसका बसला, पुढची चाकं सपाट जमिनीवर टेकली, आणि जीप निंबाच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

"चढलो!" वकील ओरडले. "पुंजाराम, पाहिलंस ना? साक्षीला राहा रे बाबा!"

माथ्यावर कुणी नव्हतं. लपायला जागा नाही, उतरायला दुसरी वाट नाही. निंबामागं पाहिलं, खदानीच्या काठावरून डोकावलं. कुणी नाही. फक्त बिडीचा आणि पेट्रोलमध्ये भिजलेल्या चिंध्यांचा वास येत होता, आणि तो वकिलांच्या गाडीचा नव्हता. गाडीच्या अलीकडं, पलीकडं, जातील तिकडं तो वास हातभर अंतरावर असायचा.

ते उतरले कसे, त्यांनाच आठवत नव्हतं. फाटकाशी आले तर पुंजाराम पाण्याची घागर खांद्यावर घेऊन सडकेकडून येत होता. अंगात फाटकी बंडी, कमरेला धोतर.

"तू… वर नव्हतास?"

"म्या? म्या तं पाण्याले गेलतो, साह्यब." पुंजारामनं घागर खाली ठेवली. वकिलांचं तोंड पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम उतरला. "दिसला काय तुमाले?"

"कोण?"

"उस्ताद." म्हातारा इकडंतिकडं पाहून जवळ आला. "लष्करातला शिकवणारा. लय नावाचा माणूस. त्याचा एक चेला होता, पोरगेलासा. सारे म्हनू लागले, चेला उस्तादाच्या वर गेला. उस्ताद काई बोलला नाही. पन एक दिवस त्यानं सातव्यावर चेल्याले खदानीचा हात दाखवला… म्या डोयानं पाह्यलं, साह्यब. पोरगं हासत हासत गेलं हातामागं."

"आणि उस्ताद?"

"थो तिथीसाच उभा राह्यला. सांजवरी. लोक आनाले गेले तं उभ्या उभ्याच खलास झालेला. तवापासून हाये वर. पन आता चुकत नाही, बरं का. कोनालेई निंबाचाच हात दाखवते."

"असा किती दिवस राहील तो?"

पुंजाराम कसंनुसं हसला. "शिपाई हाये ना, साह्यब. पहारा बदलाले कोनी आल्याबिगर शिपाई जागा सोडते काय?"

आता असं काही ऐकल्यावर शहाण्या माणसानं त्या रानाचं तोंड पाहू नये. पण मत्सर माणसाला शहाणा राहू देत नाही. घरी पोचेपर्यंत वकिलांच्या मनात भीती पावशेर आणि आनंद पायलीभर होता. चढलो, भाजीवाल्याच्या आधी चढलो, एवढंच डोक्यात घुमत होतं.

रविवारी सतरंजीवर चिवडा फिरत असताना त्यांनी ते सांगितलं. "सातवा मी शुक्रवारीच चढलो."

सरकीचे व्यापारी महादेवराव, मोठे थट्टेखोर, त्यांनी बकाणा थांबवला. "काय सांगता! वरचा माणूस कोण होता?"

वकील चिवड्यातले शेंगदाणे निवडू लागले.

"बोला की वकीलसाहेब, साक्षीदार हजर करा."

हशा पिकला. माठाशी उभ्या अनसूयाबाई खाली मान घालून पेला विसळत होत्या. ती खाली घातलेली मान वकिलांना हशापेक्षा जास्त लागली. फक्त भगवंत हसला नाही. तो म्हणाला, "कायले हासता बाप्पा? वकीलसाह्यब म्हनतात तं चढले असतीन. लबाड काहून बोलतीन थे?" आणि वळून वकिलांना म्हणाला, "तुमाले वाट माईत झाली, साह्यब. तुमीच व्हा माह्या वरचा मानूस. तुमचा हात असल्यावर मले भेव नाही."

याच्या चांगुलपणानं तर आगीत तेलच पडलं! शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वकिलांना झालं. या माणसानं गाडीत हरवलं, हसण्यात हरवलं आणि आता दया दाखवून हरवलं. आणि अनसूया पाहा, कशी कौतुकानं भगवंताकडं पाहून राहिली. ते उठले आणि एकटे सातवा चढ चढू लागले.

माथ्यावर उभे राहिले तेव्हा खाली माणसं बोटाएवढी दिसत होती. भगवंतानं मुंडासं घट्ट केलं, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि गाडी घातली. इंजिनाचा आवाज वर वर येऊ लागला. बॉनेट उभं झालं, त्यामागं भगवंताचं तोंड, मान वर करून वकिलांच्या हाताकडं पाहणारं. लहान मूल पाहतं ना तसं, पूर्ण विश्वासानं.

निंबाचा हात, वकील मनात म्हणाले. डावा. डावा हात.

आणि मग त्यांना दिसलं, चढ संपल्यावर काय होणार ते. टाळ्या. अनसूया धावत येणार. महादेवराव पाठ थोपटणार. साऱ्या अमरावतीत बोभाटा, की सातवा भाजीवाल्यानं मारला. आणि आपण? आपण त्याला हात दाखवणारे.

त्यांनी उजवा हात वर केला. कुणी ढकलला नाही, कुणी भारलं नाही. खदानीचा हात त्यांनी स्वतः, समजून उमजून वर केला.

गाडी माथ्याला आली. चाकं वळली… आणि निंबाकडं वळली. जीप झाडाखाली जाऊन थांबली आणि खालून आरडाओरडा उठला, शिट्ट्या, टाळ्या. भगवंत उडी मारून उतरला आणि वकिलांच्या पायांशी वाकला.

"साह्यब, काय हात दाखवला तुमी! निंबाचा हात असा ठाम, हाललाच नाही. मी तं डोये झाकून आलो त्याच्यामागं."

वकिलांचा उजवा हात अजून वरच होता. त्यांनी तो घाईनं खाली घेतला. त्यांच्या अगदी लगत, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ, बिडीचा आणि पेट्रोलच्या चिंध्यांचा वास दाटला होता. कानाशी थकलेला, फार थकलेला आवाज आला.

"पहरा बदल गया, साब."

मग मुरमावर बुटांचा आवाज. कुणीतरी सरळ चढावरून खाली उतरत गेलं, एक-दोन, एक-दोन, आणि तो आवाज सडकेकडं निघून गेला. भगवंत तिथंच उभा होता, पण त्याला काही ऐकू आलेलं दिसलं नाही.

त्या संध्याकाळी वकिलांना ताप भरला. पंधरा दिवस उतरला नाही. पुढच्या रविवारी ते पलंगावर होते. अनसूयाबाई शेजारी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. घरात कुणी नाही. चार वाजले आणि वकिलांच्या डोक्यावर ऊन लागलं. खोलीत, कौलांखाली, पडदा ओढलेला असताना. पायांखाली खडे टोचले. डोळे मिटले की खालून गाड्या येताना दिसायच्या, एकेक करून. आणि त्यांचा डावा हात पांघरुणातून आपोआप वर व्हायचा. महादेवरावांबद्दल त्यांना काही वाटत नव्हतं, इतरांबद्दलही नाही. म्हणून डावाच.

रात्रीची जेवणं व्हायच्या आत महादेवराव पेढे घेऊन दारात. "वकीलसाहेब, मानलं! अंगात ताप असून दोन तास उन्हात उभे राहिलात, सगळ्यांना सातवा चढवलात. आणि कुणाशी न बोलता निघूनही आलात! गेल्या खेपेला हसलो, त्याबद्दल माफी."

तेवढ्यात अनसूयाबाई परतल्या. त्यांनी ऐकलं, नवऱ्याचं कपाळ चाचपलं आणि रागावल्या. पण त्या रागात कौतुक होतं. "तापात गेलात होय? मला न सांगता? कमाल आहे बाई तुमची!" रात्री त्यांनी स्वतः त्यांचे पाय चेपले. कितीतरी महिन्यांनी.

तेव्हा खरं सांगायचं होतं वकिलांनी. मी गेलोच नव्हतो, वर दुसरंच काही उभं आहे, एवढं बोलायचं होतं. नाही बोलले. कौतुक गोड लागलं हो, दुसरं काय!

आणि तिसरा रविवार आला. अनसूयाबाई दुपारी डबा भरताना म्हणाल्या, "आज मी भगवंतभाऊंच्या गाडीत सातवा चढणार. माणिकबाई मागं बसतील, मी पुढं. त्यांनी कालच निरोप धाडलाय."

वकील ताडकन उठून बसले. "तू जाऊ नकोस."

"का?"

"नको म्हणतो ना मी."

"अहो, कारण सांगा की. महादेवरावांच्या घरची माणसं चढली, मुलं चढली. मग मीच का नको?"

कारण होतं. पण ते सांगायचं म्हणजे म्हणायचं, की मी त्या माणसाला खदानीचा हात दाखवला होता. तो पायांशी वाकला तेव्हा माझा हात अजून वर होता. अनसूया, तो तुझ्या नजरेत भरतो म्हणून. वकिलांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"तुम्ही पडून राहा हं आज," त्या हसून म्हणाल्या. "राहणार नाही म्हणा तुम्ही. येणारच मागून, ठाऊक आहे मला." दाराशी भोंगा वाजला आणि त्या गेल्या.

वकील मागोमाग निघायला उठले. पण पाय उचलेना. दोन्ही तळवे फरशीला असे बसले होते, जसे काही तिथंच रोवलेत. ते पलंगाच्या काठावर बसून राहिले. घड्याळात साडेतीन, पावणेचार. मग डोक्यावर ऊन आलं.

त्यांनी खुंटीवरचं धोतर काढून उजवा हात पलंगाच्या दांडीला करकचून बांधला, दातांनी गाठ ओढली. आणि मन काबूत आणायला बसले. भगवंत चांगला माणूस आहे. पहिलं टरबूज आपल्याकडं पाठवतो. हो, पण ते आणून देताना अनसूयाशी अर्धा तास बोलतो. भगवंत आपल्यावर विश्वास ठेवतो. हो, कारण त्याला कशाची भीतीच नाही. भगवंत पायांशी वाकला… आणि तेव्हाही सगळे टाळ्या त्याच्यासाठीच वाजवत होते! जो विचार हातात घ्यावा, तो नासका निघायचा.

खाली इंजिन सुरू झालं.

मिटल्या डोळ्यांना बॉनेट वर येताना दिसलं. त्यामागं भगवंताचं मुंडासं. शेजारी अनसूया, पदर कानामागं घट्ट घेतलेला, एक हात काचेच्या चौकटीवर. ती हसत होती. मान वळवून भगवंताला काहीतरी म्हणाली आणि तोही हसला. आपल्या घरात ती अशी कधी हसली होती? वकिलांनी आठवून पाहिलं. आठवेना.

उजव्या खांद्यात कळ उठली. धोतराची गाठ कर्रकन ताणली.

"नाही," वकील दात खाऊन म्हणाले. "डावा… डावा… देवा, डावा!"

डावा हात मांडीवर शिशासारखा पडून होता. उजवा ओढत होता. पलंगाची दांडी वाजली. मनगटावर काचलं, कातडी सोलली. तिकडं गाडी चढाच्या मध्यावर थांबून गुरगुरत होती आणि दोन तोंडं वर पाहत होती. दोघांच्याही तोंडावर तोच विश्वास. त्यांना हात हवा होता.

"अनसूया…" ते घोगऱ्या आवाजात ओरडले. मग डोळ्यांपुढं अंधारी आली.

जाग आली ती कंदिलाच्या उजेडानं. पलंगाजवळ अनसूयाबाई उभ्या होत्या. धडधाकट, उन्हानं लाल झालेल्या, केसांत धूळ. वकिलांना हुंदका फुटला. लहान पोरासारखे ते रडले.

"अहो, हे काय! मी आले ना. किती घामाघूम झालात." त्यांनी शेजारी बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "कशाला आलात तापात? आणि वर उभे राहून इतका वेळ विचार कसला करत होतात? गाडी मध्येच लटकलेली, माणिकबाई रामराम म्हणतायत. तुम्ही कुठलाच हात वर करेनात. शेवटी भगवंतभाऊ म्हणाले, वकीलसाहेब जपून राहिले, बाईसाहेब बसल्यात ना गाडीत. आणि तुमच्याकडं बघत बघत आपल्या अदमासानं चढले. मला भरून आलं हो. माझ्यासाठी इतकं कुणी जपलं नव्हतं."

वकिलांनी उजव्या हाताकडं पाहिलं. धोतर तसंच दांडीला बांधलेलं होतं, गाठही तशीच, पण रिकामी. हात मोकळा होता. तो अनसूयाबाईंनी आपल्या हातात घेतला आणि तळव्याला लागलेला लाल मुरूम पदरानं हळूहळू पुसू लागल्या.

"एक गंमत सांगू?" त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी भगवंतभाऊ मला गाडी चालवायला देणार आहेत. शेजारी बसून शिकवणार. पहिल्यांदा सातव्यावरच जायचं, मी हट्टच धरला. तुम्ही वर असलात की मला कसलीच भीती वाटत नाही." मग थोडं थांबून, लाजून विचारलं, "असाल ना वर?"

वकिलांना नाही म्हणायचं होतं. जीव तोडून नाही म्हणायचं होतं.

"असेन," ते म्हणाले.